शिष्यवृत्तीची पात्रता: सोलापूर जिल्ह्यातील वाचकांचे प्रश्न

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. यंदा सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रे शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीच्या पात्रतेविषयी आहेत. ती वाचताना दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवल्या. आपल्याला काही मिळणारच नाही, असे मनाशी ठरवून अनेक मुले अर्जच करीत नाहीत. दुसरीकडे, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला हातात आहे म्हणजे काम झाले, असे समजून काही पालक निर्धास्त राहतात. प्रत्यक्षात त्यांच्या मुलाची पात्रता प्रवेश कोणत्या फेरीतून घेतला, यामुळेच गेलेली असते. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे थोडी विस्ताराने देत आहे. उत्पन्नाच्या मर्यादा आणि रकमा शासन वेळोवेळी बदलते, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या योजनेपुढे दिलेल्या चालू वर्षाच्या अटी एकदा वाचून घ्याव्यात.

प्रश्न: आई विड्या वळते आणि वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. आम्ही पद्मशाली समाजाचे आहोत. मला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे, पण महाविद्यालयाने संपूर्ण फी आधी भरायला सांगितली आहे. विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती आणि जातीची फी-सवलत या दोन्ही मला मिळतील का? (एक विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर)

तुम्हाला एकटीला दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत. मात्र तुमच्या घरात दोन्ही योजनांचा लाभ येऊ शकतो.

पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात मोडतो. या प्रवर्गातील विद्यार्थ्याला, मुलगा असो वा मुलगी, व्यावसायिक अभ्यासक्रमाचे संपूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनाकडून मिळते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत असावे लागते, नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र (मागास प्रवर्गातील संपन्न घरांत आपण मोडत नाही, असा दाखला) लागते आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या फेऱ्यांतून, झालेला असावा लागतो. तुमच्या पत्रावरून या अटी पूर्ण होताना दिसतात. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची जी योजना आहे, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो आणि तीत अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमाला वर्षाला 25,000 रुपये मिळतात. पण दुसरीकडून शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी त्या योजनेत बसत नाही. तुमच्या महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क यापेक्षा बरेच जास्त असणार, तेव्हा तुम्ही फी-सवलतीचाच अर्ज करावा. धाकटे भावंड शाळेत शिकत असेल, तर त्याच्यासाठी विडी कामगारांच्या योजनेचा अर्ज मात्र जरूर करा. आईचे विडी कामगार ओळखपत्र आणि किमान सहा महिन्यांचे काम ही त्यातली मुख्य अट आहे. ओळखपत्रावरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का, ते आधी तपासा. एकीकडे सासरचे आणि दुसरीकडे माहेरचे नाव असल्यामुळे अर्ज अडकल्याची उदाहरणे पूर्व भागात पुष्कळ आहेत.

आता उत्पन्नाच्या दाखल्याविषयी. वडिलांचा पगार रोख मिळतो, त्याची पावती नसते, मग उत्पन्न सिद्ध कसे करायचे, असेही तुम्ही पत्रात विचारले आहे. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला ग्राह्य धरला जातो. तुमच्यासाठी ते कार्यालय म्हणजे उत्तर सोलापूर तालुक्याचे तहसील कार्यालय. तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र यांच्या आधारे हा दाखला मिळतो आणि अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. आई आणि वडील या दोघांचेही उत्पन्न त्यात सांगावे. विडीच्या मजुरीतून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, म्हणजे त्या उत्पन्नाची नोंद कुठे ना कुठे असतेच. ते लपवून काही साधत नाही, आणि तुमच्या बाबतीत लपवण्याची गरजही नाही.

येथे एक फरक समजून घ्यावा, कारण सेतू केंद्रातही तो पुष्कळदा नीट सांगितला जात नाही. नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र देताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न मोजणीतून वगळले जाते. शिष्यवृत्तीसाठीचे उत्पन्न मात्र सर्व मार्गांनी येणारे, एकूण धरले जाते. त्यामुळे ज्या घरात नोकरी आहे, तेथे नॉन क्रीमी लेयर मिळूनही एकूण उत्पन्न मर्यादेच्या वर गेल्यामुळे फी-सवलत नाकारली जाऊ शकते. तुमच्या घरी ही अडचण दिसत नाही, पण हा प्रश्न इतर काही पत्रांतही होता, म्हणून येथेच लिहिले.

तुमच्यासाठी खरी कसोटीची गोष्ट जात वैधता प्रमाणपत्राची आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घेतला की ते अनिवार्य असते. विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख धरतात. त्या तारखेपूर्वी तुमच्या वडिलांकडील पूर्वज महाराष्ट्रात राहत होते आणि त्यांची जात हीच होती, हे कागदाने दाखवावे लागते. सोलापुरातील अनेक पद्मशाली कुटुंबे हातमागाच्या कामासाठी तेलंगणाच्या भागातून इथे आली. ज्यांचे आजोबा किंवा पणजोबा 1967 पूर्वीच इथे स्थिरावले होते, त्यांना अडचण येऊ नये, परंतु पुरावा शोधावा लागतो. सर्वांत उपयोगी पडतो तो आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कारण त्यात जातीची नोंद असते. महापालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या जुन्या शाळांतील नोंदी तेलुगू लिपीत असतील, तर त्यांचा प्रमाणित मराठी अनुवाद जोडावा. आजोबा जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू किंवा नरसिंग गिरजी मिलमध्ये कामाला असतील आणि तिथले एखादे कार्ड किंवा पासबुक जपून ठेवलेले असेल, तर वास्तव्याचा आधार म्हणून तेही जोडता येते. वडिलांना, सख्ख्या काकांना किंवा आत्याला आधी वैधता मिळालेली असेल, तर ती प्रत सर्वांत वर लावा. काम बरेच सोपे होते. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच जपून ठेवा आणि प्रवेश प्रक्रियेत त्यासाठी दिलेली मुदत कदापि चुकवू नका. मुदत चुकली तर राखीव जागाच हातची जाते आणि तिच्यासोबत फी-सवलतही.

महाविद्यालयाने संपूर्ण फी आधी मागितली, याबद्दल: पात्र विद्यार्थ्यांकडून शासन भरणार असलेले शिक्षण शुल्क प्रवेशाच्या वेळी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. प्राचार्यांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या, त्यात आपला प्रवर्ग, प्रवेशाची फेरी आणि महाडीबीटीवर अर्ज करणार असल्याचे नमूद करा, आणि आवक क्रमांक घेऊन एक प्रत स्वतःजवळ ठेवा. तोंडी बोलणी टाळा. विकास शुल्क, अनामत रक्कम, बस आणि वसतिगृह यांचे पैसे मात्र या सवलतीत येत नाहीत, ते घरातूनच उभे करावे लागतील, याची तयारी ठेवा.

प्रश्न: आम्ही मोहोळ तालुक्यातील शेतकरी, खुल्या प्रवर्गातील. मुलाला केंद्रीय फेरीत मेकॅनिकल मिळाले होते. त्याला कॉम्प्युटरच हवे होते, म्हणून ती जागा सोडून त्याच महाविद्यालयात संस्था स्तरावरील फेरीतून कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. आता कार्यालयातून सांगतात की फी-सवलत मिळणार नाही. आमचे उत्पन्न तर दोन लाखांच्याही आत आहे. हे खरे आहे का? (एक पालक)

हे खरे आहे, आणि ते लिहिताना मला फार वाईट वाटते, कारण दरवर्षी कित्येक कुटुंबांवर हीच वेळ येते आणि प्रवेश घेताना त्यांना कोणीही सावध केलेले नसते.

खुल्या प्रवर्गातील मुलांसाठीची मुख्य योजना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही आहे. लोक तिला अजूनही ईबीसी म्हणतात. तिची उत्पन्नमर्यादा 8 लाख रुपये आहे, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा लागतो आणि पात्र मुलाला शिक्षण शुल्काच्या व परीक्षा शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. पण या सगळ्याआधी एक अट आहे, ती म्हणजे प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरील जागा, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागा, या योजनेत येत नाहीत. महाविद्यालय तेच, वर्ग तोच, फळ्यावर शिकवणारे प्राध्यापकही तेच असले, तरी कोणत्या वाटेने आत आलात, यावर सवलत ठरते. उत्पन्न दोन लाख असो वा शून्य, ही अट शिथिल होत नाही.

तेव्हा या वर्षासाठी मार्ग शैक्षणिक कर्जाचा उरतो. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही आणि अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. राष्ट्रीयीकृत बँकेच्या ज्या शाखेत आपले पीककर्जाचे खाते आहे, तिथून सुरुवात करावी. मात्र पीककर्ज थकीत असेल तर आधी ते नियमित करून घ्यावे, कारण पालक सहकर्जदार असतो आणि त्याची पत पाहिली जाते. कर्जाचा हप्ता शिक्षण पूर्ण झाल्यानंतर सुरू होत असला, तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते, हे विसरू नये.

ज्यांचे प्रवेश अजून व्हायचे आहेत, त्या पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की शाखा बदलण्यासाठी केंद्रीय फेरीतली जागा सोडण्यापूर्वी चार वर्षांच्या फीचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. मुलाची आवड महत्त्वाची आहे, यात शंका नाही. परंतु काही महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षी गुणवत्तेनुसार शाखा बदलण्याची संधी असते. तिची चौकशी करून, केंद्रीय फेरीतली जागा राखून ती वाट पाहणे हे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते.

याच पत्रात आपण दुसरीही शंका विचारली आहे: आपल्याला तीन अपत्ये आहेत, मोठ्या मुलीने महाविद्यालयीन शिक्षण घेतले नाही, मधल्या मुलीने शाहू महाराज योजना घेतली आहे, मग धाकट्याला दोन अपत्यांची अट आडवी येईल का? योजनेचा लाभ एका कुटुंबातील दोन अपत्यांपुरता आहे. आपल्याकडे आजवर एकीनेच लाभ घेतला असल्यामुळे या अटीने मुलगा बाद होत नाही. अर्जासोबत शिधापत्रिका आणि घोषणापत्र जोडावे लागते, त्यात तिन्ही अपत्यांची नावे खरी लिहावीत. पण प्रवेशाच्या फेरीचा अडसर आधीच असल्यामुळे या वर्षी हे उत्तर आपल्या उपयोगाचे नाही, याचे दुःख आहे.

प्रश्न: मुलींना उच्च शिक्षण मोफत झाले, असे आम्ही ऐकतो. मग बी.कॉम.ला प्रवेश घेताना माझ्याकडून फी का घेतली? (एक विद्यार्थिनी, बार्शी)

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 2024-25 पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत शंभर टक्के सवलत दिली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी; आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या आणि केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी. खासगी आणि अभिमत विद्यापीठे तीत येत नाहीत. साधे बी.कॉम. या निर्णयाच्या कक्षेत नाही. मात्र पारंपरिक अभ्यासक्रमांसाठी उच्च शिक्षण विभागामार्फत वेगळ्या योजना आहेत; आपला प्रवर्ग पत्रात लिहिलेला नाही, त्यामुळे महाडीबीटीवर आपली माहिती भरून तेथे कोणत्या योजना दिसतात, ते पाहावे. आपली तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हेही कार्यालयात विचारून घ्या, कारण एकाच महाविद्यालयात दोन्ही तुकड्या असतात आणि फीत मोठा फरक असतो.

प्रश्न: मला बारावी कला शाखेत 78 टक्के गुण मिळाले. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी 80 टक्के लागतात, असे मैत्रिणीने सांगितले, म्हणून मी अर्ज केला नाही. हे बरोबर आहे का? (मंगळवेढा)

बरोबर नाही, आणि अर्जाची मुदत शिल्लक असेल तर आजच अर्ज करा. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या केंद्रीय योजनेत 80 टक्के गुणांची अट नाही. आपल्या मंडळात, आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपैकी वरच्या वीस टक्क्यांत आपण असले पाहिजे, अशी ती अट आहे. शंभर विद्यार्थी गुणांच्या उतरत्या क्रमाने उभे केले, तर पहिल्या वीस जणांत येणे, एवढाच त्याचा अर्थ. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांची सीमारेषा वेगवेगळी असते आणि ती त्या त्या वर्षीच्या निकालावर अवलंबून असते. त्यामुळे 78 टक्के मिळवणारी कला शाखेची विद्यार्थिनी तीत बसूही शकते. मंडळाने शाखेनुसार जाहीर केलेले गुण पाहून ते नक्की करता येईल.

बाकीच्या अटी अशा की कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे, पदवीचा अभ्यासक्रम नियमित असावा, म्हणजे दूरशिक्षण किंवा पदविका चालत नाही, आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी-परतावा घेतलेला नसावा. देशभरात दरवर्षी 82,000 नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यातील निम्म्या मुलींसाठी राखीव आहेत. पदवीच्या वर्षांत दर साल 12,000 रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणात 20,000 रुपये मिळतात. पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. ज्यांना शिक्षण शुल्कच मुळात थोडे आहे, अशा कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलींसाठी ही योजना राज्याच्या फी-सवलतीपेक्षा लाभाची ठरू शकते, कारण पैसे थेट तिच्या खात्यात येतात आणि ते पुस्तके, एसटीचा पास, खोलीभाडे यांसाठी वापरता येतात. आपल्या जिल्ह्यात या योजनेची माहिती मुलींपर्यंत फारच कमी पोहोचते. कनिष्ठ महाविद्यालयातील वर्गशिक्षकांनी निकालाच्या दिवशी गुणपत्रिका देतानाच ही योजना सांगावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

प्रश्न: मी अक्कलकोट तालुक्यातील अनुसूचित जातीचा विद्यार्थी असून सोलापुरात बी.एस्सी. करतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही. आता रोज एसटीने ये-जा करतो. स्वाधार योजना मिळेल का?

सध्याच्या स्थितीत मिळणार नाही, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना ही घर सोडून शिक्षणाच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या भोजन आणि निवासाच्या खर्चासाठी आहे. आपण सोलापुरात खोली घेऊन राहू लागलात, तर अर्ज करता येईल. त्यासाठी आपण अनुसूचित जातीचे किंवा नवबौद्ध असावे, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, आधीच्या परीक्षेत किमान 50 टक्के गुण असावेत, आणि ज्या शहरात महाविद्यालय आहे त्या शहराचे आपण रहिवासी नसावे. वसतिगृहासाठी अर्ज करूनही जागा मिळाली नाही, हे आपल्या बाबतीत घडलेलेच आहे. त्या अर्जाची पोच हरवू नका, अर्जासोबत तीच दाखवायची असते. दोन-तीन मित्रांनी मिळून खोली घ्यायची असेल, तर भाडेकरारात प्रत्येकाचे नाव यायला हवे. घरमालक करार करून द्यायला तयार होत नाहीत, ही तक्रार अनेक मुलांनी लिहिली आहे. म्हणून खोली पक्की करताना, पहिले भाडे हातावर ठेवण्याआधीच, कराराचे बोलून घ्यावे.

स्वाधार मिळाली म्हणून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती, सोडायची नसते. शिष्यवृत्तीतून फी भागते. तिच्यातील निर्वाह भत्ता स्वाधारच्या रकमेतून वजा होतो, एवढेच. या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट आपल्या खात्यात येतो, ही गोष्ट काही मुलांच्या लक्षात येत नाही. त्यातील फीची रक्कम सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. ते पैसे आपलेच समजून घरच्या अडीअडचणीला खर्च झाले, की वर्षाअखेरीस महाविद्यालय परीक्षेचा अर्ज किंवा गुणपत्रिका अडवते आणि मुलगा संकटात सापडतो. घरी पैशाची ओढाताण असताना खात्यात आलेली रक्कम बाजूला ठेवणे किती कठीण असते, याची मला जाणीव आहे. तरीही आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा की हे पैसे फीचे आहेत.

आपल्यासारखी ये-जा करणारी मुले इतर मागास वर्ग, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातील असतील, तर त्यांच्यासाठी याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. तिन्हींतही घराबाहेर राहून शिकणे हीच मूळ अट आहे. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो, सातबारा जोडून भागत नाही.

प्रश्न: अर्ज मंजूर झाल्याचे पोर्टलवर दिसते, पण चार महिने झाले तरी खात्यात रक्कम नाही. बँक म्हणते, आधार लिंक आहे. (सांगोला)

खात्याला आधार क्रमांक जोडणे आणि खात्याचे आधार सीडिंग होणे, म्हणजे शासकीय रक्कम याच खात्यात जमा व्हावी अशी नोंद बँकेमार्फत होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आधारच्या नावे येणारी रक्कम ज्या एका खात्याचे सीडिंग सर्वांत शेवटी झाले असेल, त्याच खात्यात जाते. अर्जात आपण कोणता खाते क्रमांक लिहिला, याला तेथे महत्त्व नाही. आपण मधल्या काळात मोबाईलच्या दुकानात एखाद्या पेमेंट्स बँकेचे खाते उघडले आहे का, ते आठवून पाहा. सिमकार्ड घेताना अंगठा दिला आणि खाते उघडले गेले, हे त्या मुलाला माहीतही नव्हते, असेही घडलेले आहे. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहता येते. तेथे ज्या बँकेचे नाव येईल, तेथील खाते आधी तपासावे, पुष्कळदा रक्कम तिथेच पडून असते. खाते बंद पडलेले असेल, तर आपल्या नेहमीच्या बँकेत सीडिंगचा अर्ज नव्याने भरून द्या आणि नंतर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाला कळवा. पोर्टलवर रक्कम स्वीकारण्यासाठी एखादी कृती आपल्या लॉगिनमध्ये बाकी राहिली आहे का, हेही पाहावे.

प्रश्न: आम्ही विजयपूर जिल्ह्यातील अनुसूचित जातीचे, घरी मराठी बोलतो. मुलीने सोलापुरात प्रवेश घेतला आहे. तिला महाराष्ट्राची शिष्यवृत्ती मिळेल का?

महाराष्ट्राची मिळणार नाही, पण कर्नाटकाची मिळू शकते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायमचा रहिवासी आहे ते राज्य देते, मग तो शिकायला कोठेही असो. म्हणून तिचा अर्ज कर्नाटकाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, तिथल्या जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसह करावा; सोलापूरच्या महाविद्यालयाकडून फक्त प्रवेशाची खातरजमा आणि फीचा तपशील लागेल. सोलापूरच्या कार्यालयातून नकार आला म्हणजे सगळेच संपले, असे समजून मुलीचे शिक्षण थांबवू नका. याच न्यायाने सोलापूर जिल्ह्यातील अनुसूचित जातीचा विद्यार्थी हैदराबाद किंवा विजयपूर येथे शिकत असेल, तर त्याने महाडीबीटीवर अर्ज करावा. शाहू महाराज योजना मात्र महाराष्ट्रातील संस्थांपुरतीच आहे.

प्रश्न: पहिल्या वर्षी माझे दोन विषय राहिले, एटीकेटी लागली. आता दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती बंद होणार का? माझा एक मित्र तर पूर्ण नापास झाला आहे. (करमाळा)

आपल्याला दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला असेल, तर अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण होते. पुढच्या वर्गात गेला आहात की नाही, हे तेथे पाहतात. ज्या वर्षी विद्यार्थी नापास झाला, त्या वर्षीचा लाभ त्याच्याकडून काढून घेत नाहीत. तोच वर्ग पुन्हा करताना मात्र शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि तो उत्तीर्ण होऊन पुढच्या वर्गात गेला की ती पुन्हा सुरू होऊ शकते. आपल्या मित्राला हे जरूर सांगा, कारण एका वर्षाने सगळे गमावले, असे समजून मुले शिक्षण सोडतात. फक्त अभ्यासक्रम सोडून त्याच पातळीवरचा दुसरा अभ्यासक्रम घेण्याचा विचार त्याने नीट पारखून करावा: बी.ए. पूर्ण करून पुन्हा बी.कॉम. करणाऱ्याला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. वर मंगळवेढ्याच्या प्रश्नात आलेल्या केंद्रीय शिष्यवृत्तीत याहून कडक नियम आहे. तीत 50 टक्के गुण मिळाले नाहीत, तर नूतनीकरण होत नाही.

नूतनीकरणाचा अर्ज आपोआप होत नाही. दरवर्षी पोर्टल सुरू झाल्यावर तो विद्यार्थ्यानेच भरायचा असतो. गुणपत्रिका उशिरा मिळते म्हणून थांबून राहू नये. निकालाची प्रत महाविद्यालयाकडून प्रमाणित करून घेऊन ती जोडावी. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवरून दुरुस्तीसाठी परत आला, तर त्याची सूचना मोबाईलवर येते. अर्जात दिलेला क्रमांक बंद असेल, तर तो अर्ज तसाच पडून राहतो आणि मुदत निघून जाते, म्हणून क्रमांक बदलला असल्यास पोर्टलवर तो आधी बदलून घ्यावा.